पाऊस पडला की चारही इंडिकेटर लावून गाडी चालवणाऱ्यांचा धागा (आणि एकूणच पावसातलं ट्रॅफिक)

घाटमाथा | रविवार, रात्री ११:१०

आत्ताच पनवेलला पोचलोय, अंगातला शर्ट अजून ओला आहे (पेट्रोल पंपावर उतरलो होतो) आणि डोकं तापलेलं आहे म्हणून लगेच टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

पुण्याहून साडेपाचला निघालो. उर्से टोलपर्यंत नुसतं आभाळ. कामशेतच्या बोगद्यातून बाहेर पडलो आणि समोर पांढरा पडदा. पाऊस म्हणजे असा की वायपर फुल स्पीडला आणि तरी काच अर्धा सेकंद दिसते अर्धा सेकंद नाही. ठीक आहे, जुलै आहे, हे होणारच, मी ७० वर आलो, पुढच्याशी अंतर वाढवलं. तर माझ्यापुढच्या पांढऱ्या एसयूव्हीने टकटकटकटक चारही इंडिकेटर लावले. मग तिच्या पुढच्याने, मग शेजारच्याने, आणि दोन मिनिटांत अख्खा एक्स्प्रेसवे गणपतीच्या मांडवासारखा लुकलुकायला लागला. त्यात कोण ब्रेक मारतोय, कोण डावीकडे येतोय, कोण खरोखर बंद पडून उभा आहे, काहीही कळेना. अमृतांजन पूल होता तिथे (पूल २०२० मध्ये पाडला पण जागेचं नाव सुटत नाही) मधल्या लेनमध्ये एक वॅगनआर चारही दिवे लावून उभी होती. उभी! मी समजलो तीही सगळ्यांसारखी चालत असेल. शेवटच्या चाळीसेक मीटरला लक्षात आलं. एबीएस पायाखाली कुरकुरला, बायकोने डॅशबोर्डला हात लावला, आणि गाडी थांबली. मागच्याची पण थांबली, त्याचे उपकार.

नंतर बोरघाटात उतरताना सव्वा तास. मुंगीच्या पावलाने. मला वाटलं दरड आली असेल किंवा कंटेनर पलटी असेल. खोपोली एक्झिटपाशी बघतो तर पुढे काहीच नाही! ना अपघात ना क्रेन ना पोलीस. रस्ता मोकळा, सगळे एकदम ऐंशीवर.

तर प्रश्न दोन. एक, हे दिवे लावायचं खूळ आलं कुठून. आणि दोन, पुढे काहीच नसताना सव्वा तास कसला ब्लॉक होता?

वरणभात | रविवार, रात्री ११:३४

मी लावतो. शिव्या घालायच्या तर घाला. माझी गाडी ग्रे आहे, पावसात रस्त्याचा रंग आणि गाडीचा रंग एकच, मागून ट्रकवाला येतोय त्याला मी दिसायला नको का? इथे निम्म्या ट्रकचे स्वतःचे टेललॅम्प चिखलाने माखलेले असतात, त्यांच्याकडून काय अपेक्षा करणार. लुकलुकणारी गोष्ट डोळ्याला लवकर दिसते एवढी साधी गोष्ट आहे.

घाटमाथा | रविवार, रात्री ११:४१

अहो मग हेडलाईट लावा ना! हेडलाईट लावला की मागचे लाल दिवे आपोआप लागतात. मी काल मोजलं, चारही इंडिकेटर लावलेल्या दहापैकी चार गाड्यांचे टेललॅम्प बंद होते. म्हणजे दिसायचं पण आहे आणि दिवेही लावायचे नाहीत.

वरणभात | रविवार, रात्री ११:४४

"काल" नाही, आजच. झोपा आता :)

रात्रपाळी | सोमवार, पहाटे ४:२०

आमची दोन टेम्पो आणि एक सहाचाकी आहे, चाकण-जेएनपीटी. स्वतः पण चालवतो ड्रायव्हर गावाला गेला की. तर जरा ट्रकच्या केबिनमधून सांगतो.

वरणभात साहेब, वरून बघताना कारचे इंडिकेटर दिसतात हे खरं, पण अंतर कळत नाही. लाल दिवा सलग जळत असेल तर तो मोठा होतो तसं समजतं की जवळ आलो. लुकलुकणारा दिवा एकदा इथे एकदा तिथे असं वाटतं, त्यात पन्नास गाड्या आपापल्या तालात लुकलुकतात. आणि मुख्य म्हणजे तुम्ही लेन बदलणार हे कळायचा एकच मार्ग म्हणजे इंडिकेटर, तो तुम्ही आधीच खर्च करून बसलात. पावसात माल भरलेली गाडी तुमच्या कारसारखी जाग्यावर थांबत नाही. तुम्ही आमच्या पुढ्यात जी फट बघून घुसता ना, ती फट आम्ही ब्रेकसाठी ठेवलेली असते. ट्रकवाला आळशी आहे म्हणून ती जागा मोकळी नाही.

आता आमच्या लोकांचं पण सांगतो, एकतर्फी नको. घाट उतरताना न्यूट्रल करणारे आहेत, डिझेल वाचतं म्हणून. कोरड्यात एकवेळ निभावतं, पावसात लायनर ओले झालेले असले की पहिला ब्रेक धरतच नाही. जुने लोक सांगायचे ज्या गिअरला चढला त्याच गिअरला उतर. आता कोण ऐकतो. आणि मधल्या लेनमध्ये चढणारे ट्रक हा पण आमचाच गुन्हा आहे, डावीकडे पाणी साचलेलं असतं म्हणून सरकतात आणि मग डावीकडे परत येतच नाहीत.

नागपुरी | सोमवार, सकाळी ९:०२

भौ आमच्याइकडे पाऊस येवो नाहीतर ऊन, इंडिकेटर कोनीच लावत नाही. टेन्शनच नाही.

हिरवा_सिग्नल | सोमवार, दुपारी १:१५

माझं काम याच क्षेत्रातलं आहे (ट्रान्सपोर्ट इंजिनिअरिंग, रस्त्यावर किती गाड्या मावतील याचे हिशेब) त्यामुळे घाटमाथांच्या दुसऱ्या प्रश्नाला हात घालतो. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, लांबलं तर लांबलं.

एका लेनमधून तासाला किती गाड्या जातात हे वेगावर कमी आणि दोन गाड्यांमधल्या अंतरावर जास्त अवलंबून असतं. समजा प्रत्येक जण पुढच्यापेक्षा २ सेकंद मागे आहे. तासाला ३६०० सेकंद, म्हणजे १८०० गाड्या. पाऊस आला, माणूस घाबरला (बरोबरच घाबरला), अंतर २ चं अडीच सेकंद केलं. आता १४४०. कुणी काही चूक केलेली नाही, उलट शहाणपणा केलाय, तरी रस्त्याची पाचवा हिस्सा क्षमता गेली. अमेरिकेच्या फेडरल हायवे विभागाचे आकडे आहेत, जोरदार पावसात फ्रीवेवर सरासरी वेग ३ ते १६ टक्के कमी होतो, पण क्षमता मात्र १० ते ३० टक्क्यांनी घटते. रविवारी संध्याकाळी एक्स्प्रेसवे आधीच काठोकाठ भरलेला असतो, लोणावळ्याहून भजी खाऊन परतणारे सगळे त्यातच. तिथे २० टक्के कापले की उरलेल्या गाड्या जाणार कुठे? मागे साठणार.

आता "पुढे काहीच नव्हतं" याबद्दल. जपानमध्ये एक छान प्रयोग झाला होता, २००८ साली प्रसिद्ध झाला. २३० मीटरचा गोल रस्ता, त्यावर २२ गाड्या, सगळ्यांना सांगितलं की साधारण ३० च्या वेगाने फिरत रहा. ना सिग्नल ना खड्डा ना पाऊस. थोड्या वेळाने आपोआप गाड्या गोळा व्हायला लागल्या आणि एक "थांबलेला पुंजका" तयार झाला, तो ताशी २० किमीच्या आसपास वेगाने उलटा, मागे मागे सरकत राहिला. कारण एवढंच की एकाने किंचित जास्त ब्रेक दाबला, मागच्याने त्याहून जरा जास्त, त्याच्या मागच्याने अजून जरा जास्त. तुम्ही बोरघाटात ज्या ब्लॉकमध्ये होतात तो बहुतेक तुमच्या कितीतरी आधी कुणीतरी एका वळणावर दचकून ब्रेक मारल्यामुळे जन्मला, मग तो स्वतः निघून गेला, घरी जाऊन जेवलाही असेल, आणि लाट तुमच्यापर्यंत येत राहिली.

पाऊस या लाटेला खतपाणी घालतो. दिसत कमी असतं त्यामुळे ब्रेकलाईट उशिरा कळतो, उशिरा कळला की जोरात ब्रेक. आणि इथे तुमचा पहिला प्रश्न परत येतो. बऱ्याच गाड्यांना इंडिकेटर आणि ब्रेकलाईट एकाच डब्यात असतात. आधीच लुकलुकणाऱ्या डब्यात लाल दिवा लागला हे ओळखायला मेंदूला वेळ लागतो.

खरी भीती हळू जाण्याची नाहीच. सगळे ४० ने गेले तर सगळे पोचतात, सगळे ७० ने गेले तरी पोचतात. एक ४० ने आणि शेजारचा १०० ने, ही पावसातली खरी गोची. कोरड्यात लोकांचे वेग साधारण एकसारखे असतात, पाऊस आला की माणसांचे स्वभाव बाहेर येतात.

घाटमाथा | सोमवार, दुपारी १:५०

दंडवत. म्हणजे माझा सव्वा तास ज्याने खाल्ला तो माणूस सापडणारच नाही.

बाय द वे माझ्या शेजारच्या लेनमधला एक जण खरंच १०० ने गेला, माझ्या काचेवर पाण्याची भिंत टाकून. दोन सेकंद मी आंधळा होतो.

हिरवा_सिग्नल | सोमवार, दुपारी २:०५

त्याला कुणीतरी हे सांगायला हवं. रस्त्यावरचं पाणी टायरच्या नक्षीतून बाहेर फेकलं जातं तोवर रबर रस्त्याला चिकटून असतं. पाणी जास्त, वेग जास्त किंवा टायर गुळगुळीत असेल तर पाण्याला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही, टायर पाण्यावर चढतं आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, लोण्यातून सुरी फिरवल्यासारखं. नासाच्या विमानांवरच्या जुन्या प्रयोगांतून निघालेला एक ठोकताळा आहे, टायरमधल्या हवेच्या दाबाच्या (पीएसआयमध्ये) वर्गमुळाला ९ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये. ३२ हवा असेल तर साधारण ५१ नॉट, म्हणजे ताशी ९४ किमी. हवा २५ वर आली असेल तर हाच आकडा ८३ वर येतो. म्हणून पावसाळ्यात "हवा थोडी कमी ठेवली की ग्रिप चांगली" हा जो सल्ला पानटपरीवर मिळतो तो साचलेल्या पाण्यात बरोबर उलटा आहे.

थांबायच्या अंतराचंही बघा. ८० चा वेग, दीड सेकंद प्रतिक्रियेचा. कोरड्यात साधारण ७० मीटर, ओल्यात ९५ च्या पुढे. उतार असेल तर अजून. उलट हिशेब केला तर ओल्यात ६५ ने जाणारा आणि कोरड्यात ८० ने जाणारा सारख्याच अंतरात थांबतात. घाटात कारला ६० ची मर्यादा आहे त्याला लोक हसतात, पावसात ती मर्यादा पण जास्तच आहे.

स्कूटीवाली_मावशी | सोमवार, संध्या. ६:४५

तुमचे एक्स्प्रेसवे चालू द्या, तिथे आम्हाला तसंही एन्ट्री नाही. दुचाकीवाल्यांचं कोण बोलणार?

मी गेली अकरा वर्षं वाकडहून हिंजवडी. पहिला पाऊस सर्वात वाईट, नंतरचे नाही. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेलं ऑईल, धूळ, टायरचा कीस यांचं त्या पहिल्या वीस मिनिटांत साबणासारखं बुळबुळीत होतं, नंतर जोराचा पाऊस झाला की धुवून जातं. तेव्हा मी सरळ चहाच्या टपरीवर उभी राहते. झेब्रा क्रॉसिंगचा पांढरा पट्टा, मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा, ड्रेनेजची झाकणं, यावर ब्रेक नाही म्हणजे नाही. आणि पाण्याने भरलेला खड्डा हा खड्डा दिसतच नाही, सपाट आरशासारखा दिसतो. त्यामुळे मी नेहमी पुढच्या रिक्षाच्या चाकाकडे बघते, ती आदळली की मी बाजूने.

आता तक्रार आमच्याच जमातीची. पाऊस आला रे आला की फ्लायओव्हरच्या खाली सगळे बाईकवाले उभे. आधी कडेला, मग दुसरी रांग, मग तिसरी, शेवटी गाड्यांना जायला एक लेन उरते आणि वरून धबधबा पडतो त्यातून बस कशीबशी निघते. रेनकोट घालायला तीन मिनिटं लागतात, मान्य. पण लोक रेनकोट घालून झाल्यावर पण तिथेच! एकाला मी म्हटलं दादा घातलात ना आता, निघा की, तर म्हणे "मोबाईल पिशवीत घालतोय". पिशवी शोधत होता. वीस मिनिटं ट्रॅफिक त्या पिशवीमुळे. तोच सिग्नलवाल्या सरांचा पुंजका, फक्त त्याला पत्ता आहे, पुलाखाली.

वरणभात | सोमवार, संध्या. ७:१०

मोबाईलची पिशवी =))

एसटीची_पोर | सोमवार, रात्री ९:५५

धागा वाचून राहवलं नाही. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, सत्तावीस वर्षं, बराच काळ सावंतवाडी-कोल्हापूर बाजूला. आंबोलीचा घाट म्हणजे त्यांचं अंगण. आंबोलीत वर्षाला सात मीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे पाऊस आणि धुकं वेगळं नसतंच, ढगच रस्त्यावर बसलेला असतो.

मी लहान असताना सुट्टीत कधी कधी त्यांच्या गाडीत इंजिनच्या बॉनेटशेजारी बसून जायचे. अंगाला गरम लागायचं आणि डिझेलचा वास. एकदा वर चढताना धुकं इतकं की गाडीच्या पुढचा रंगसुद्धा दिसेना. बाबांनी अप्पर लाईट बंद केला, डिपरवर आणला. मी म्हटलं बाबा मोठा लाव ना, दिसेल. ते म्हणाले, "मोठा लावला की धुकंच दिसतं, रस्ता नाही." मग खिडकीतून मान बाहेर काढून खालची पांढरी पट्टी बघत चालवायचे, आणि कंडक्टर काका डाव्या दारात उभे राहून दरीचा कठडा सांभाळायचे. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. बोलायचं काही नाही. पाऊण तास फक्त घंटी. मागच्या सीटवरच्या आज्या नामस्मरण करत असायच्या, ते तेवढं ऐकू यायचं.

वायपर एकच, ड्रायव्हरच्या बाजूचा, तोही मनात आलं तर. बाबांच्या खिशात पुडी असायची. चिमूटभर तंबाखू ओली करून काचेवर चोळायची, त्यावर पाणी थेंब होऊन थांबत नाही, पसरून वाहून जातं. खायचे नाहीत, काचेलाच लावायचे. आई मात्र शेवटपर्यंत संशय घ्यायची.

त्यांचा एक नियम होता, घाटात पावसात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचं. कायद्यात पण तसंच आहे हे मला फार नंतर कळलं. आज वीकेंडला आंबोलीला धबधब्याला येणाऱ्या गाड्या बघते, समोरून एसटी चढतेय, हे उतारावरून नाक घुसवून उभे, मागे दहा गाड्या, ना मागे जाता येत ना पुढे. एसटी भरलेली, ओल्या चढावर पुन्हा उचलायची म्हणजे क्लच जळतो, गाडी मागे सरकते. वर फोटो काढायला मधेच दार उघडतात ते वेगळंच.

२ ऑगस्ट २०१६ ला रात्री महाडला सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला तेव्हा दोन एसटी बस गेल्या. बाबा तेव्हा रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. सकाळी टीव्हीपुढे बसले ते दुपारपर्यंत उठले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "त्या ड्रायव्हरला काय दिसलं असेल? रात्र, पाऊस, समोर रस्ता आहे असंच वाटलं असणार." मग बराच वेळाने, "मी पण तसाच गेलो असतो."

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:३०

ताई, बाबांना नमस्कार सांगा. तंबाखू आम्ही अजून लावतो.

म्युनिककर | मंगळवार, रात्री १२:४०

सुंदर प्रतिसाद एसटीची_पोर.

जरा इकडचं सांगतो (कुणीतरी "आला जर्मनी पुराण घेऊन" म्हणणार आहेच). इकडे नियम सरळ आहे, धुकं, पाऊस किंवा बर्फामुळे ५० मीटरपेक्षा कमी दिसत असेल तर वेग ५० च्या वर नाही. आणि मागचा फॉग लाईट, तो प्रखर लाल असतो, तोसुद्धा धुक्यामुळे दिसणं ५० मीटरच्या खाली गेलं तरच लावायचा, उगाच लावला तर दंड, कारण मागच्याचे डोळे दिपतात. आता गाडीत बसून ५० मीटर मोजायचे कसे? तर रस्त्याच्या कडेला पांढरे खुंट असतात, साधारणपणे दर ५० मीटरला एक. पुढचा खुंट दिसला तर ठीक, नाही दिसला तर पाय वर. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे घोकून घेतात. शेजारी फ्रान्समध्ये मोटरवेवर पाऊस पडला की १३० ची मर्यादा आपोआप ११० होते, पाटीवरच लिहिलेलं असतं.

पण लोक तेच हो. पहिला बर्फ पडला की इथेही दर वर्षी सगळे विसरलेले असतात. उन्हाळी टायर घालून कुणीतरी चढावर आडवा झालेला असतो आणि मागे तीन किलोमीटर रांग. चारही इंडिकेटर इथे पुढे ट्रॅफिक अचानक थांबलेलं दिसलं की मागच्याला इशारा म्हणून लावतात, मागचा आला, त्याने पण लावले की आपण बंद.

वरणभात | मंगळवार, सकाळी ८:१५

आला जर्मनी पुराण घेऊन. (विनंतीला मान देऊन.)

बाकी ती शेवटची पद्धत आवडली. थांबताना लावायचे, चालताना नाही. विचार करतो.

यमुनापार | मंगळवार, सकाळी १०:२०

नोएडात नऊ वर्षं. तुमचा पाऊस परवडला, इथलं जानेवारीचं धुकं नको. यमुना एक्स्प्रेसवे १६५ किमी, सरळ सपाट, सिमेंटचा. हिवाळ्यात तिथली वेगमर्यादा उतरवतात, पण पहाटे जे होतं ते मर्यादेचं नाही, एकटेपणाचं आहे. धुक्यात आजूबाजूला झाडं-खांब काही सरकताना दिसत नाहीत त्यामुळे आपण किती वेगात आहोत हे शरीराला कळतच नाही. मीटर बघितला नाही तर ८० चे ४० वाटतात. मग माणूस पुढच्या गाडीचे लाल दिवे धरतो. दिवे दिसत रहावेत म्हणून जवळ जातो. त्याच्या मागे अजून एक, दिवे दिसावेत म्हणून जवळ. अशी माळ तयार होते आणि पहिला ज्याच्या भरवशावर आहे तो कुणाच्याच भरवशावर नाही. तो आदळला की माळच्या माळ.

मी आता सरळ ढाब्यावर थांबतो, ऊन वर आलं की निघतो. पराठे होतात तेवढ्यात.

हिरवा_सिग्नल | मंगळवार, सकाळी ११:०५

"एकटेपणाचं आहे" हे फार नेमकं. नुसत्या पावसात माणूस पुढच्यापासून लांब होतो आणि धुक्यात पुढच्याला चिकटतो. गर्दीच्या दृष्टीने पाऊस वाईट, जिवाच्या दृष्टीने धुकं.

मिलन_सबवे_पीडित | मंगळवार, दुपारी ३:३०

मुंबईचं कुणीच कसं लिहिलं नाही. आमच्याकडे वेगाचा प्रश्न नसतो, आमच्याकडे पोहता येतं का हा प्रश्न असतो.

अंधेरी सबवे, हिंदमाता, गांधी मार्केट, नावं लोकांना लोकल स्टेशनांसारखी पाठ आहेत. दर वर्षी तेच. पाणी साचलेलं बघून पहिला थांबतो, दुसरा थांबतो, मग एक शूर येतो ज्याची गाडी उंच असते. तो गेला की त्याच्या मागे सगळ्या हॅचबॅक. त्याच्या गाडीने उठवलेली लाट मागच्या छोट्या गाडीच्या एअर फिल्टरमध्ये शिरते. इंजिनात पाणी गेलं, गाडी बंद पडली. इथपर्यंत गाडी वाचते बरं का. मग माणूस परत सेल्फ मारतो आणि तिथे इंजिन मरतं. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो, कनेक्टिंग रॉड वाकतो, बिल लाखात. माझ्या भावाने तीनदा सेल्फ मारला. सर्व्हिस सेंटरवाल्याने (नाव नको) विचारलं इन्शुरन्समध्ये इंजिनचं वेगळं कव्हर घेतलंय का, तर घेतलं नव्हतं, एजंटने सांगितलं नव्हतं म्हणे. वाहतं पाणी असेल तर फूटभर पुरतं छोटी गाडी हलवायला, दोन फुटात जवळपास कुठलीही.

२६ जुलै २००५ ला मी सांताक्रूझला ऑफिसात होतो. २४ तासांत ९४४ मिलिमीटर. कुलाब्याला त्याच दिवशी ७३. फोर्टातल्या लोकांना पटतच नव्हतं आम्ही काय सांगतोय ते. मी कमरेएवढ्या पाण्यातून चालत दहिसरला पहाटे पोचलो. त्या दिवशी लोकांनी गाडी सोडली नाही ही सगळ्यात मोठी चूक होती, काचा पॉवर विंडोच्या, पाणी चढल्यावर उघडेनात, माणसं आत अडकून गेली. नंतर कित्येक वर्षं माझ्या ओळखीतले लोक सीटखाली हातोडी ठेवायचे. आता कुणी ठेवत नाही. गाडीचा मोह सुटत नाही माणसाला, ईएमआय चालू असतो ना.

अवांतर: पावसात रिक्षा का मिळत नाहीत यावर पण एक धागा होऊन जाऊ दे.

हिरवा_सिग्नल | मंगळवार, दुपारी ४:१०

अवांतराला उत्तर. यावर न्यूयॉर्कच्या टॅक्सींचा जुना वाद आहे. रिचर्ड थेलर (२०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल) आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलं की टॅक्सीवाले रोजचं टार्गेट धरून चालतात, धंदा चांगला झाला की लवकर घरी जातात. नंतर दुसऱ्या एका अर्थतज्ज्ञाने खूप मोठा डेटा घेऊन बघितलं तर हे फारसं खरं दिसेना. पावसात गिऱ्हाईक वाढतं पण ट्रॅफिक इतकं तुंबतं की तासाची कमाई काही वाढत नाही, आणि चालवणं जिकिरीचं, म्हणून काही जण गाडी लावून टाकतात. आपल्या रिक्षावाल्याला विचारा, तो हेच सांगेल, "साहेब, अर्धा किलोमीटरला पाऊण तास, कशाला येऊ?"

स्कूटीवाली_मावशी | मंगळवार, संध्या. ७:३०

रिक्षावाला साध्या दिवशी पण हेच सांगतो.

एक शंका, कारवाल्यांनो. नवऱ्याच्या गाडीत पावसात आतून काच धुरकट होते, तो चालवता चालवता फडक्याने पुसतो, एक हात स्टिअरिंगवर. मला भीती वाटते. उपाय?

घाटमाथा | मंगळवार, रात्री ८:५०

एसी चालू, हवा काचेकडे (काचेच्या आकारावर नागमोडी बाण असं चिन्ह असतं ते बटण), आणि आतल्या आत हवा फिरवायचं बटण बंद, बाहेरची हवा येऊ द्यायची. आपल्या श्वासाची आणि ओल्या कपड्यांची वाफ थंड काचेवर बसते, एसी हवेतला ओलावाच काढून घेतो. थंडी वाजली तर तापमान वाढवा, एसी बंद करू नका. एसीवर पेट्रोल जातं म्हणून लोक बंद करतात आणि मग फडकं. फडक्याने तेलकट ओरखडे पडतात, रात्री समोरून दिवा आला की ते चमकतात. आणि बाहेरून काच धुरकट झाली तर उलटं, एसी काचेवर मारणं बंद करायचं आणि वायपर फिरवायचा.

वायपरवरून आठवलं, त्या रविवारी माझा डाव्या बाजूचा वायपर कर्रर्र करत होता. गेल्या दिवाळीनंतर बदलला नव्हता. लोकांना शिव्या घालताना हे लिहायचं राहिलं होतं.

वरणभात | मंगळवार, रात्री ९:०५

हा हा हा. आता कसं.

घाटमाथा | पुढचा रविवार, रात्री १०:३०

अपडेट. दोन्ही वायपर नवीन, टायरमध्ये बरोबर ३३ हवा, हेडलाईट साफ, काच आतून-बाहेरून पुसलेली. परत तोच रस्ता, तीच वेळ, पूर्ण तयारीनिशी.

उर्शापासून पनवेलपर्यंत एक थेंब नाही. लख्ख ऊन. घाट अर्ध्या तासात उतरलो.

आणि कामशेतच्या बोगद्यात शिरताना माझ्यापुढच्या पांढऱ्या एसयूव्हीने चारही इंडिकेटर लावले.

वरणभात | पुढचा रविवार, रात्री १०:४२

मी नव्हतो. माझी ग्रे आहे.